हरवल्याचा दाखला

माणसाचा खरा स्वभाव तो काय विकत घेतो यावरून कळत नाही, घेतलेलं परत कसं करतो यावरून कळतो. हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं आहे. ते टपाल खात्याच्या पार्सल विभागात चौतीस वर्षं होते, त्यामुळे मनुष्यस्वभावाबद्दलची त्यांची सगळी मतं पार्सलांवरूनच बनलेली आहेत. माझ्याबद्दलचं मत मी लग्नाआधी त्यांच्या मुलीला पाठवलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावरून बनलं. गठ्ठ्याची सुतळी वाटेत सुटली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, मत अजून तेच आहे.

या खेपेला परत करायची वस्तू होती बारा कामं करणारं विजेचं भांडं. बायकोनं ते स्वतःच्या पैशांनी मागवलं होतं, आणि त्यात तिचा जवळजवळ आठ दिवसांचा पगार गेला होता. ती औषधांच्या दुकानात काम करते. गोळी अर्धी करायची म्हटली तरी ती बरोबर अर्धी करणारी बाई आहे, त्यामुळे भांड्यासोबत आलेलं माहितीपत्रक तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. भांडं शिजवत होतं, उकडत होतं, वाफवत होतं, आणखी बरंच काही करत होतं. बारापैकी अकरा कामांना झाकण लागत होतं, आणि काचेचं ते जाडजूड झाकण त्या भांड्यावर काही केल्या बसत नव्हतं. बारावं काम वेळ दाखवण्याचं होतं. ते मात्र भांडं चोख करत होतं.

कंपनीनं एका शब्दानं वाद घातला नाही. परत पाठवा म्हणाले, मिळालं की पैसे देऊ. उद्या माणूस येऊन घेऊन जाईल.

"कोण माणूस?" वर्तमानपत्र खाली करून अप्पांनी विचारलं. सासऱ्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात.

"कंपनीचा माणूस, अप्पा. येतो आणि नेतो."

"पावती देतो?"

"मोबाइलवर मेसेज येतो."

"मेसेजवर शिक्का असतो?"

"मेसेजवर शिक्का कसा असेल?"

"मग तो माणूस नाही, वाटसरू आहे," अप्पा म्हणाले. "दारात आलेल्या वाटसरूच्या हातात आठ दिवसांचा पगार द्यायचा असेल तर द्या बापडे. मी मध्ये बोलणारा कोण?"

अप्पांनी 'मी मध्ये बोलणारा कोण' असं म्हटलं की त्यानंतर फक्त अप्पाच बोलतात. अर्ध्या तासानं कंपनीला कळवण्यात आलं की भांडं आम्ही स्वतः टपालानं पाठवू. कंपनीची हरकत नव्हती. खोक्याला चिकटपट्टी लावा आणि पाठवा, एवढंच ते म्हणाले.

चिकटपट्टी हा शब्द मी अप्पांपर्यंत पोहोचू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर मांजरपाट अंथरला गेला. अप्पांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढायला लावली. तिच्यात दाभण होतं, मेणाचा दोरा होता, लाखेच्या चार कांड्या होत्या आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भेट दिलेली पितळी मोहोर होती. मला मेणबत्ती धरण्याचं काम मिळालं. बायकोला काहीच काम मिळालं नाही, त्यामुळे ती सूचना करू लागली.

"अप्पा, अहो भांडं आहे ते. राजाचा नजराणा नाही."

"पार्सल बांधताना आत काय आहे याचा विचार करायचा नसतो," अप्पा म्हणाले. "तो विचार पाठवणाऱ्यानं करायचा."

"पाठवणारे तुम्हीच आहात ना?"

"आत्ता मी बांधणारा आहे. पाठवणारा नंतर होईन. जावईबापू, ज्योत सरळ."

मी ज्योत सरळ धरली. अप्पांनी आधी झाकण वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळलं, कुणाचा धक्का लागू नये म्हणून ते कपाटाच्या वर ठेवलं, आणि काच नेहमी सगळ्यात शेवटी ठेवायची असते हे आम्हाला समजावून सांगितलं. मग भांडं खोक्यात बसवलं, पोकळ्या भरल्या, आणि खोक्याला कापड शिवायला घेतलं. वितीत अकरा टाके. दहा नाहीत, बारा नाहीत. दर चार बोटांवर लाखेचा थेंब आणि त्यावर मोहोर. शेवटी त्यांनी शाईच्या पेन्सिलीनं दोन्ही पत्ते लिहिले. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं, की भांड्यांच्या त्या कंपनीला आयुष्यात एवढा मान कुणी दिला नसेल. 'पाठवणारा' या शब्दापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. साडेतीन तास गेले. जेवण त्या दिवशी आम्ही उभ्यानं केलं.

संध्याकाळी मी आणि अप्पा पार्सल घेऊन टपाल कार्यालयात गेलो. अप्पा आठ वर्षांनी तिथे पाऊल टाकत होते. खिडकीवर जी बाई होती ती नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती खुर्ची मागे सारून उभीच राहिली.

"साहेब! तुम्ही रांगेत?"

"रांग सगळ्यांना असते," अप्पा म्हणाले, आणि तिनं मागच्या दारानं आत नेलं तेव्हा निमूट गेले.

पार्सल काट्यावर ठेवण्याआधी अप्पांनी ते दोन्ही हातांवर तोललं आणि डोळे मिटले. खात्यात असताना हा त्यांचा लौकिकच होता. "अडीच किलो," ते म्हणाले. "पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे."

काट्यानं दोन किलो शंभर दाखवले.

अप्पांनी डोळे उघडले.

"हा काटा कधी तपासला होता?" अप्पांनी विचारलं.

"मागच्याच महिन्यात, साहेब."

"पुन्हा तपासा."

बाईंनी दोन किलो शंभरची पावती फाडली, आणि आमच्यादेखत काट्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावली. मी त्या कार्यालयात अनेकदा गेलो आहे, पण निष्ठा म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं.

घरी आल्यावर बायकोनं पावती निरखून पाहिली. "अप्पा, चारशे ग्रॅमचा फरक म्हणजे थोडा नाही हं."

"काटा म्हातारा झालाय," अप्पा म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

पार्सलाची खुशाली कळावी म्हणून टपाल खात्यानं एक संकेतस्थळ ठेवलं आहे. पावतीवरचा आकडा घातला की पार्सल कुठे आहे ते कळतं. पहिल्या दिवशी तिथे लिहिलं होतं, 'स्वीकारले'. दुसऱ्या दिवशीही 'स्वीकारले' होतं. आठव्या दिवशी 'स्वीकारले'. एकविसाव्या दिवशी मी डोळे पुसून पाहिलं. 'स्वीकारले'.

"पोहोचेल," अप्पा म्हणाले.

"अप्पा, ते निघालंच नाही असं दिसतंय."

"स्वीकारलं म्हणजे आहे. खात्यानं एकदा स्वीकारलं की वस्तू असतेच. चौतीस वर्षांत माझ्या हातून गेलेलं एकही पार्सल हरवलेलं नाही. एकही."

"मी जाऊन चौकशी करून येतो ना."

"माझ्या घरातलं माणूस खात्यावर संशय घ्यायला जाणार नाही," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी चप्पल परत जागेवर ठेवली.

पस्तिसाव्या दिवशी बायकोनं कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. मुलगी गोड होती. तिनं आधी झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली, मग होऊ घातलेल्या त्रासाबद्दल मागितली, आणि मग नियम सांगितला. पार्सल मिळालं नाही तर पैसे मिळणार नाहीत. पण पार्सल वाटेत हरवलं असेल तर मिळतील. मात्र पार्सल किंवा ते हरवल्याचा टपाल खात्याचा दाखला, जे असेल ते टपालात टाकल्यापासून साठ दिवसांच्या आत कंपनीला मिळायला हवं. साठाव्या दिवशी संध्याकाळी सहाला दार बंद.

टपाल खात्याचा नियमही मी काढला. दाखल्यासाठी एक अर्ज होता, एका पानाचा. वर ठळक अक्षरांत: 'माझे पार्सल हरवले आहे असे मी जाहीर करतो.' खाली सही. सही पाठवणाऱ्याचीच हवी, दुसऱ्या कुणाची चालणार नाही.

पाठवणारे अप्पा होते.

मी अर्ज छापून आणला आणि त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. अप्पांनी तो वाचला आणि कपाखाली ठेवला. कपाचं गोल वर्तुळ बरोबर 'हरवले' या शब्दावर उमटलं.

"मी यावर सही करणार नाही."

"का पण?"

"कारण ते खोटं आहे."

"अप्पा, पार्सल नाही तिथे पोहोचलं. इथे परत आलं नाही. मग त्याला काय म्हणायचं?"

"उशीर."

"पस्तीस दिवस?"

"लांबलेला उशीर."

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, आणि घरात त्याचा आजवर कुणालाही काडीचा उपयोग झालेला नाही. तरी मी प्रयत्न केला. अप्पांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमची गाठ सुटते."

बायकोनं पुढे वाद घातला नाही. ती जास्त वाईट गोष्ट करू लागली. ती समजूतदारपणे वागू लागली. रोज संध्याकाळी जुन्या पातेल्यात स्वयंपाक करताना म्हणायची, "असू दे हो अप्पा, गेले तर गेले. आठच तर दिवस काम केलं होतं." दूध गरम करताना त्यावर ताट झाकायची, ताट घसरायचं, दूध उतू जायचं, आणि ती काही न बोलता ओटा पुसायची. पुसण्याचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेतानं पुसायची.

अप्पा वर्तमानपत्रातून मान वर करत नसत. पण त्या दिवसांत त्यांनी एकच पान पंधरा-पंधरा मिनिटं वाचलेलं मी पाहिलं आहे. एकदा मी उठून मागून डोकावलो. ते पान जाहिरातींचं होतं. रात्रीचं जेवण झालं की ते माझ्याजवळ यायचे आणि विषय नसल्यासारखे विचारायचे, "काय म्हणतंय ते तुमचं संकेतस्थळ?"

"स्वीकारले."

"बघा," असं म्हणायचे. पण त्या 'बघा'तला जोर रोज थोडा कमी होत होता.

साठाव्या दिवशी सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. खिशाला खात्यातलं जुनं पेन होतं. दाढी गुळगुळीत. एखाद्याच्या अंत्ययात्रेला निघावं तसा चेहरा.

"चला," ते म्हणाले. "अर्ज घ्या. सही करतो. पण इथे नाही, तिथे. त्यांच्यासमोर. चौतीस वर्षं ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याला पाठीमागून चोर म्हणणार नाही."

"अप्पा, नका करू मनाविरुद्ध," बायको म्हणाली. या वेळी ती खरंच बोलत होती.

"तुझा आठ दिवसांचा पगार आहे," अप्पा म्हणाले. "माझी काय, एक सही."

वाटेत ते फक्त एका पत्रपेटीपाशी थांबले, तिचं दार नीट लागलंय का ते हातानं पाहिलं, आणि पुन्हा चालू लागले.

कार्यालयात खिडकीवरच्या बाईंचा चेहरा अप्पांना पाहून असा फुलला की मला बाईंची दया आली. "साहेब! तुम्ही यायलाच हवं होतं. आमचे मोठे साहेब रोज तुमची आठवण काढतात. चला, चला आत." अप्पांना वाटलं ही सारवासारव आहे. मलाही तेच वाटलं.

मोठे साहेब म्हणजे नवीन आलेले टपाल अधिकारी, चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे. त्यांनी उठून अप्पांना स्वतःच्या शेजारची खुर्ची दिली आणि चहा सांगितला. अप्पांनी चहा नको म्हटलं. खिशातलं पेन काढलं. अर्ज टेबलावर पसरला. वर पाहिलं.

आणि पाहतच राहिले.

समोरच्या भिंतीला काचेचं कपाट होतं. वरच्या फळीवर खेळाच्या स्पर्धेत जिंकलेले दोन चषक. खालच्या फळीवर, निळ्या मखमलीच्या तुकड्यावर, आमचं पार्सल. त्याच्यासमोर ठळक अक्षरांत छापलेली पाटी: 'आदर्श पार्सल'. खाली बारीक अक्षरांत: 'प्रशिक्षणार्थींनी हात लावू नये.'

अप्पा उठले. चष्मा लावला. कपाटाजवळ जाऊन वाकले. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत त्यांनी ते पार्सल वाचून काढलं.

"हे इथे काय करतंय?" आवाज फार हळू होता.

"शिकवतंय, साहेब!" अधिकारी उत्साहानं म्हणाले. "आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी नवी भरती शिकायला येते. पोरांनी चिकटपट्टीपलीकडे काही पाहिलेलंच नाही. बाईंनी तुमचं पार्सल दाखवलं आणि मी म्हटलं, तासभर ठेवून घेऊ, तुकडीला दाखवू, मग पाठवू. तर दुसरी तुकडी आली. मग वरून पाहणीला साहेब आले, त्यांनी फोटो काढून नेला. मग इतर कार्यालयांतून लोक बघायला यायला लागले. आता साहेब, खरं सांगू? द्यायला जीव होत नाही."

"साहेब, एका मुलानं परवा वितीत नऊ टाके घातले," बाई म्हणाल्या. "आम्ही त्याला कपाटासमोर उभं केलं."

"नऊ," अप्पा म्हणाले, आणि मान हलवली.

"म्हणजे पार्सल हरवलेलं नाही," मी म्हणालो.

अप्पा माझ्याकडे वळले. साठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "मी काय म्हणत होतो?"

"स्वीकारलं म्हणजे आहे," मी कबूल केलं.

तेवढ्यात अधिकाऱ्यांची नजर टेबलावरच्या अर्जाकडे गेली. त्यांनी तो वाचला, आणि चेहऱ्याचा गोल थोडा लांबट झाला. पार्सल अडवून ठेवणं हा खात्यात साधा गुन्हा नाही. चौकशी बसते. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"आत्ता पाठवतो, साहेब. या क्षणी. मी स्वतः नेऊन देतो."

"पोहोचायला चार दिवस लागतील," मी म्हणालो. "आणि कंपनीची मुदत आज संध्याकाळी सहाला संपते." मग मी जन्मात पहिल्यांदा माझ्या विषयाचा उपयोग केला. "पार्सल सापडलं तर पैसे गेले. उशीर झाला असेल तरी पैसे गेले. प्रदर्शनात आहे, असा रकाना अर्जात नाही. पैसे मिळण्याची अट एकच आहे. ते हरवलेलं असायला हवं."

अप्पा पुन्हा कपाटाकडे वळले. काचेत त्यांचा चेहरा पार्सलाशेजारी दिसत होता.

"किती दिवस ठेवणार आहात?" त्यांनी विचारलं.

"आम्ही आहोत तोवर, साहेब."

"ऊन पडतं इथे दुपारचं. लाख मऊ होईल."

"पडदा लावून घेतो."

"आणि ही पाटी थोडी बाजूला. पत्त्याचं 'श्री' झाकलं जातंय."

बाईंनी धावत जाऊन पाटी सरकवली. अप्पा खुर्चीवर येऊन बसले. पेनाचं टोपण काढलं. 'माझे पार्सल हरवले आहे असे मी जाहीर करतो' या ओळीखाली त्यांनी सही केली, लफ्फेदार, जशी पूर्वी महिनाअखेरच्या तक्त्यावर करत असतील. इतके दिवस जी गोष्ट आम्हा सगळ्यांना खरी वाटत असताना ज्या माणसाचा हात उचलत नव्हता, ती धडधडीत खोटी निघाल्यावर त्यानं ती अर्ध्या मिनिटात जाहीर केली. अर्जात आणखी एक रकाना होता: 'पार्सल शेवटचे कुठे पाहिले?' अप्पांनी मान वर करून कपाटाकडे पाहिलं आणि लिहिलं, 'याच कार्यालयात.'

"इथे खोटं लिहिणार नाही," ते मला म्हणाले.

अधिकाऱ्यांनी दाखल्यावर शिक्का मारला. तो जरा तिरका बसला. अप्पांनी दाखला परत केला आणि दुसरा मारायला लावला. मग चहा घेतला. दोन कप.

परतताना ते झपझप चालत होते. मला मागे राहावं लागत होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "चौतीस वर्षांत एकही हरवलं नाही. बरोबर?"

"आणि हे?"

"हे निवृत्तीनंतरचं. हे धरायचं नाही."

दाखला मी साडेपाचला कंपनीला पाठवला. चौथ्या दिवशी बायकोच्या खात्यात पूर्ण पैसे जमा झाले. गोड मुलीनं फोन करून टपाल खात्याच्या निष्काळजीपणाबद्दल कंपनीच्या वतीनं खेद व्यक्त केला. फोन अप्पांनी घेतला होता. खात्याबद्दल असं बोलू नये, असं त्यांनी तिला दहा मिनिटं समजावलं. अप्पा आता दर पंधरा दिवसांनी कार्यालयात जातात आणि नव्या तुकडीला दाभण कसं धरायचं ते शिकवतात. जाताना इस्त्रीचा शर्ट घालतात.

मागच्या रविवारी बायकोनं घरातल्या कपाटाचा वरचा भाग झाडायला काढला. मागे, भिंतीला लागून, वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळलेलं काहीतरी निघालं. ते भांड्याचं झाकण होतं. कंपनीचा नियम मी पुन्हा काढून वाचला. वस्तू अपुरी पोहोचली तर पैसे मिळत नाहीत.

अप्पा तेव्हा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. बायकोनं त्यांना काही सांगितलं नाही. झाकण धुतलं, पुसलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. चारशे ग्रॅम भरलं. दुधाच्या पातेल्यावर ते बरोबर बसतं.